तुझ्या गळ्याची शप्पथ

ऋष्या, आज नळाला पाणी आलं आणि गल्लीत कुणालाच कळलं नाही. आठवडाभर ज्याची वाट बघायची ते पाणी पहाटे कधीतरी आलं, वाहिलं आणि निघून गेलं. उजाडल्यावर समोरच्या सोनवणे काकू बाहेर आल्या, तर नळाखालची बादली भरून दारात सगळा चिखल. त्यांनी सवयीनं आपल्या गच्चीकडं मान वर केली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि पदर तोंडाला लावून तशाच आत गेल्या. मी खिडकीत उभी होते. एवढ्या दिवसांत मी पुष्कळ रडलेय. पण त्या चिखलाकडं बघून रडले तशी रडले नव्हते.

उद्या तुझा तेरावा. माझा धाकटा भाऊ, सतरा वर्षांचा, आपला जीव आपणच देऊन मोकळा झाला. मोकळा झाला असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही. गावाकडं देवगाव रंगारीला भावकीत पप्पांनी सांगितलंय की ताप डोक्यात गेला. इथं गारखेड्यात तशी सोय नाही. इथं सगळ्यांना सगळं माहीत आहे, म्हणून सगळे कारण शोधत बसलेत. मार्क कमी पडले का, एखादी पोरगी होती का, मोबाईलवर काही खेळत होता का. जो येतो तो चहा पितो आणि जाताना एक कारण ठेवून जातो. मला आधी हसू येतं आणि मग संताप येतो. कारण असतं तर मी त्याला दोन्ही हातांनी धरून आपटलं असतं. माझा स्वभाव तुला माहीतच आहे. "नाव कोमल, अन् तोंड बाभळीचं," असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचास.

पाण्याचं आधी बोलते, कारण आमची सगळ्यांची फसगत तिथंच झाली. आपल्याकडं पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा येतं आणि नेमकं कधी ते नळ सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितलं तर त्याला चेष्टा वाटते. पण तेवढ्या वेळात मोटार लावून टाकी भरली, पिंपं भरली तर घर चालतं, नाहीतर टँकरवाल्याच्या विनवण्या. दहावीच्या सुट्टीत तू म्हणालास, "पाण्याचं मी बघतो, तुम्ही झोपा." आणि खरंच रात्रभर गच्चीवर बसून बघायला लागलास. नळातून आधी हवा यायची, तिचा सूं सूं आवाज झाला की तू अनवाणी गल्लीभर पळत सुटायचास. प्रत्येक दाराची तुझी तऱ्हा वेगळी होती. सोनवणे काकूंची बेल दोनदा तोडून तोडून, कुलकर्णी सरांची एकदाच पण लांबलचक, आणि कोपऱ्यावरच्या शेख चाचांना बेलच नाही म्हणून त्यांच्या खिडकीखाली, "चाचा, पानी आया!" पप्पा तुला जागल्या म्हणायला लागले. गावाकडं पूर्वी रात्रीचा पहारा द्यायला जागल्या असायचा, तसा. गल्लीनं ते नाव उचललं. गणपतीत मंडळानं तुला शाल आणि नारळ दिला, आणि आईनं तो नारळ कितीतरी दिवस कुणाला फोडू दिला नाही.

एवढ्या भरल्या गल्लीत एकाही शहाण्या माणसाला वाटलं नाही की हे पोर रोज रात्री जागं का असतं. पाणी आठवड्यातून एकदा यायचं. तू रोज जागा असायचास. दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहायचास, तर आई शेजारणींना दटावायची, "हळू बोला गं, रातभर जागलंय लेकरू." दुसऱ्या कुठल्याही गावात झोप न लागणाऱ्या मुलाला कुणीतरी डॉक्टरकडं नेलं असतं. आपण तुला नारळ दिला.

तू हसायचास, ही दुसरी अडचण. रडका असतास तर बरं झालं असतं. बिडकीनला मामाच्या सोनालीचं लग्न आठवतं? वरातीत तू असा नाचलास की बँडवाला नवरदेवाला सोडून तुझ्याकडं बघून वाजवायला लागला. मध्येच तू दिसेनासा झालास. मी शोधत मांडवामागं गेले तर टँकरच्या चाकाला टेकून बसलेला, हात गुडघ्यांवर टाकलेले, आणि चेहरा असा की मला क्षणभर वाटलं हे दुसऱ्याच कुणाचं तरी पोरगं आहे. "काय रे?" "पोट दुखतंय." मी म्हटलं, "मठ्ठा ढोसताना कळत नाही का?" तर लगेच उठलास, दात काढलेस, "ताई, सहा वाट्या! मोजल्यात मी," आणि पुन्हा बँडपुढं. एवढ्याशा वेळात तू चेहरा कसा बदललास? ती ताकद कुठून आणायचास? आणि ती आमच्यासाठी खर्च करण्यापेक्षा स्वतःसाठी ठेवता आली नाही तुला? मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार. माझा हक्क आहे तो, मी तुझी थोरली आहे.

मग ती गोगाबाबा टेकडी. श्रावण चालू होता, टेकडी हिरवी झाली होती. मी औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेतून लवकर निघाले होते आणि तू म्हणालास, चल, वर जाऊ. भर दुपारी तिथं कुणी नव्हतं. समोर मकबऱ्याचा घुमट, मागं डोंगर. मी आपली राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचं रडगाणं गात होते आणि तू गवताची काडी मोडत होतास. मध्येच म्हणालास, "ताई, मला काहीच वाटत नाय."

"कशाचं?"

"कशाचंच नाय. खावं वाटत नाय, चिडावं वाटत नाय, तुझ्याशी भांडावं बी वाटत नाय. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर कसं दिसतं, तसं दिसता तुम्ही सगळे. तोंडं हलतेत नुसती."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले. नववीपासून."

मी उठूनच उभी राहिले. म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता आईला सांगू. तर तू माझा हात धरलास, ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवलास आणि म्हणालास, "घरी कुणाला सांगायचं नाय. माझ्या गळ्याची शप्पथ घे." मी हात सोडवायला बघत होते आणि तू सोडत नव्हतास. "आई खपंल ताई हे ऐकून. घे शप्पथ." तुझा गळा गरम होता, त्यातली शीर माझ्या बोटांखाली उडत होती. मी म्हणाले, "तुझ्या गळ्याशप्पथ." तेव्हा कुठं सोडलास.

मी शिकलेली मुलगी आहे. अंधश्रद्धेवर पानभर निबंध एका दमात लिहू शकते. पण ज्याच्या गळ्याची शप्पथ घेतली आणि मोडली तो जातो, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे, ते निबंध लिहून निघत नाही. तू एवढासा असताना पप्पांचा चहाचा कप फोडलास आणि आईच्या गळ्याशप्पथ घेऊन नाही म्हणालास. नेमका आईला ताप आला. तू तिच्या उशाशी बसून भोकाड पसरलंस, "आई, कप मीच फोडला गं, तू मरू नको." तिला तापातही हसू आवरेना. त्यानंतर तुला सुचेल ती थाप मारायचास, पण शप्पथ कधी खोटी घेतली नाहीस. म्हणून तर तू मला ती घातलीस. कुलूप कुठलं पक्कं लागतं हे तुला ठाऊक होतं.

मी गप्प बसले ती तुझा जीव वाचवायला. स्वयंपाकघरात आईपाशी जाऊन कितीदा तोंड उघडलं असेल. दर वेळी ती शीर बोटांखाली उडायची. वाटायचं, मी बोलले की तू गेलास. मी बोलले नाही. तरीही तू गेलास. आता तूच सांग, ह्या गोष्टीचं मी काय करू? कुठं नेऊन टाकू?

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. शप्पथ घरच्यांना न सांगण्याची होती, डॉक्टरला सांगायला बंदी नव्हती, अशी पळवाट मी काढली. दसरा झाल्यावर उस्मानपुऱ्यातल्या एका डॉक्टरबाईंकडं फोन करून तुझं नाव लावलं. तू म्हणालास, "वेड्यांची डॉक्टर?" मी म्हटलं, "शहाण्यांची. वेडे कशाला जातील?" तू जोरात हसलास, येतो म्हणालास. मी त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिले आणि तू आलाच नाहीस. घरी आले तर गुलमंडीवरून माझ्यासाठी कचोरी आणून ठेवलेली. मी ती पुडी तुझ्या अंगावर भिरकावली. तू चटणी पुसत म्हणालास, "दिवाळीनंतर जाऊ, पक्कं." भाऊबीजेला ओवाळताना मी हळूच म्हटलं, "दिवाळी झाली." तू तेवढ्याच हळू म्हणालास, "आता पाणी येऊन जाऊ दे, मग बघू." मी म्हटलं, पाणी गेलं खड्ड्यात. तू म्हणालास, "खड्ड्यात गेलं तर काकू काय पितील?" आणि मला हसू फुटलं, ओवाळणीचं ताट हलून निरांजन विझता विझता राहिलं. मला हसवलं की भांडण संपतं, हे तू कधीचं शिकून ठेवलं होतंस. पण ते संपलेलं नव्हतं. त्या भांडणात माझं बरोबर होतं ऋष्या, शंभर टक्के बरोबर होतं, आणि आता ते मला कुणाशीच भांडता येत नाही.

तू मला काय दिलंस तेही लिहायला पाहिजे, नाहीतर उद्या कुणाला वाटेल की हिचा भाऊ म्हणजे नुसतं दुखणं होता. स्कूटी तू शिकवलीस मला, स्वतःला लायसन नसताना, मागं बसून "ब्रेक दाब माते, ब्रेक!" असं केकाटत. मागच्या वेळी पुण्याहून परीक्षा हरून आले तर स्टँडवर तू उभा. घरी सगळे काय बोलायचं म्हणून घाबरून बसलेले, आणि तू एका शब्दानं विचारलं नाहीस, दोन प्लेट भजी मागवलीस आणि मला बजावलंस, "आधी गिळ, मग रड. रिकाम्या पोटी रडू नाय." मी खात खात रडले आणि तू माझ्या प्लेटमधली मिरची उचलत राहिलास. ज्याला कशाचीच चव लागत नव्हती त्यानं मला पोटभर खाऊ घातलं. त्या दिवशी तू कसा बसला होतास समोर? काय दिसत होतं तुला, नुसतं हलणारं तोंड?

आता खरं सांगायचं ते सांगते. मला आईची भीती वाटते.

तू गेलास त्या दिवशी सकाळी आई तुला बोलली. क्लासवाल्यांचा फोन आला होता की मुलगा कित्येक दिवस आलेला नाही. तिचा तोल गेला. "एवढं राबतोय तुझा बाप. जा, तोंड दाखवू नको मला," असं म्हणाली. कुठल्या घरात आई असं म्हणत नाही? तू "बरं आई" म्हणालास, आपलं ताट घासून ठेवलंस आणि बाहेर गेलास. पुढचं मी लिहिणार नाही, कधीच लिहिणार नाही. पण ते वाक्य आईला धरून बसलंय. ती भिंतीला टेकून बसते आणि येईल त्याला स्वतःहून सांगते, "मीच म्हणले तोंड दाखवू नको, अन् त्यानं ऐकलं माझं." सांगू नको म्हटलं तरी सांगते. देवगावहून आलेली आत्या आधी तिला जवळ घ्यायची, आता तीही पाहुण्यांपुढं म्हणते, "लेकरू कवळं असतं बाई, तोंडाला आवर घालावा माणसानं." पप्पा दाराशी खुर्चीत बसलेले असतात, डोक्यावरचे केस काढलेले, काही ऐकलं नाही असं दाखवत. आईनं जेवण टाकलंय. परवा मी तिला बळंच भरवायला गेले तर माझा हात बाजूला करून म्हणाली, "ऱ्हाऊ दे कोमल. मला बी त्याच्याकडंच जायचंय."

तिनं ते अगदी साध्या आवाजात म्हटलं, भाजीला जायचंय म्हणावं तसं. तुझा साधा आवाज मी ओळखला नाही. हिचा मला ओळखता येतोय.

तिला वाचवायचं तर एकच गोष्ट माझ्या हातात आहे. तू तिच्या एका वाक्यानं गेला नाहीस, तू कितीतरी आधीपासून आजारी होतास आणि ते मला माहीत होतं, हे सांगणं. मग ती मला शिव्या देईल, मारेल, उभ्या जन्मात माझं तोंड बघणार नाही. चालेल. स्वतःला खाण्यापेक्षा तिनं मला खावं. पण मी तुझ्या गळ्यावर हात ठेवून बोललेय. तू नसलास तरी ती शप्पथ माझ्या अंगावर तशीच आहे. लहानपणी शप्पथ सोडवायची रीत होती आपली, ज्यानं घातली त्यानं "सुटली" म्हणायचं आणि टाळी द्यायची. एकदा म्हण ना रे. मी सकाळपासून तुझ्या कॉटवर बसलेय. चादर तीच आहे, बदलू दिली नाही मी कुणाला. बाहेर आत्या कुणाला तरी पुन्हा तेच सांगतेय. एकदा म्हण, ऋष्या, नाहीतर मी तुझं न ऐकता जाणार आहे.

इथपर्यंत दुपारी लिहिलं होतं. आता दिवेलागण झाली. मी सांगून आले.

पाहुणे गेले होते. आई भिंतीशी, पुढं वरणभाताचं ताट तसंच गार झालेलं. आत्या शेजारी, पप्पा दारात. मी आईच्या पुढ्यात मांडी घालून बसले. आत्यानं काही बोलायला सुरुवात केली तर तिला म्हटलं, "आत्या, थांब जरा. आज मला बोलू दे." आईची हनुवटी धरून तिचा चेहरा माझ्याकडं वळवला.

"आई, तो तुझ्या बोलण्यानं गेला नाय. तो आजारी होता. नववीपासून. त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. श्रावणात टेकडीवर त्यानं मला सांगितलं. मी डॉक्टर बघितली होती, तो आला नाय. तुम्हाला सांगितलं नाय, कारण त्यानं मला त्याच्या गळ्याची शप्पथ घातली होती."

मी डोळे मिटून घेतले. तिच्या हाताची वाट बघत होते. खरं सांगते, मला तो हात हवा होता.

हात आला नाही. आई म्हणाली, "तुला बी घातली व्हती?"

मी डोळे उघडले.

"मला म्हणला, आई, झोप येत नाय. रात सरत नाय. छाती धडधड करती नुसती." आई माझ्याकडं नाही, त्या गार झालेल्या ताटाकडं बघून बोलत होती. "आखाडातली गोष्ट. इथंच, स्वयंपाकघरात. म्हणला, पप्पाला सांगू नको, अन् ताईची परीक्षा हाय, तिला तर मुळीच नको. माझा हात घेतला अन् गळ्याला लावला. मी जायफळ उगाळून दूध द्यायचे त्याला, तुम्ही निजल्यावर तळपायाला तेल चोळायचे. बिडकीनला म्हायेरी जाऊन अंगारा आणला. म्हणलं उतरंल. कुणाला बोलले अस्ते तर माझ्याच तोंडानं लेकरू गेलं अस्तं ना गं?" मग तिचा आवाज फाटला. "मला ठाऊक असून मी त्याला तसं बोलले कोमल. मला ठाऊक असून."

शेजारणींना दटावणारी आई मला दिसली आणि मी तिला गच्च धरलं. तिच्या अंगाला नेहमीचा कणकेचा वास नव्हता. आम्ही दोघी हलत होतो, कोण कुणाला धरतंय ते कळत नव्हतं. आत्या एकदम म्हणाली, "दादा?"

पप्पा खुर्चीतून उठले होते. एक हात दाराच्या चौकटीला आणि दुसरा आपल्याच गळ्यावर.

"दादा, तुला बी?" आत्यानं विचारलं.

पप्पा कधी जास्त बोलत नाहीत, तुला माहीत आहे. आजही त्यांनी थोडंच सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू शेंद्र्याला त्यांच्या कंपनीच्या गेटवर डबा घेऊन गेलास. डबा हातात देता देता म्हणालास, "पप्पा, मला जगावंच वाटत नाय." त्यांनी तुला तिथल्या टपरीवर बसवलं, चहा पाजला, असं बोलू नाय म्हणाले. मग तू म्हणालास, आई आणि ताईला कळलं तर त्या मोडून पडतील, आणि त्यांचा हात ओढलास. "दर शनवारी भद्रा मारुतीला नेत व्हतो त्याला," पप्पा म्हणाले. "गुमान माझ्या मागं बसून यायचा. पाठीला डोकं टेकवायचा गाडीवर. मला वाटायचं, यायलाय म्हंजी बरा व्हायलाय." एवढं बोलून ते खाली बसले, उंबऱ्यावरच, आणि मी जन्मात पहिल्यांदा त्यांना मोठ्यानं रडताना ऐकलं.

आत्यानं ते ताट स्वतःकडं ओढलं. भात कालवला आणि आईच्या तोंडाशी घास धरला. आईनं तो घेतला. मग दुसराही घेतला.

त्यानंतर आम्ही तिघं एकमेकांना पुन्हा पुन्हा तेच विचारत बसलो. तुला काय म्हणाला, नेमकं कसं म्हणाला, चेहरा कसा होता. मी डॉक्टरबाईंकडं तुझं नाव लावलं तेव्हा त्यांनी फोनवरच मला विचारलं होतं, झोप लागते का, छातीत धडधडतं का, जगावंसं वाटत नाही असं कधी बोलला का. मी म्हणाले होते, माहीत नाही. त्या म्हणाल्या होत्या, तसं काही असेल तर थांबू नका, लगेच घेऊन या. मी आपल्या अंगणात उभी राहून बोलत होते. आई आत भाकऱ्या थापत होती. पप्पा दाराशी बूट घालत होते.

तुला कुणी ओळखलं नाही म्हणून मी सकाळपासून सगळ्या जगावर चिडले होते, ऋष्या. तू काहीच लपवलं नव्हतंस रे. सगळं सांगितलं होतंस. आम्हा तिघांना वाटून सांगितलं होतंस, आणि तू जगावास म्हणून आम्ही आपापला वाटा एकमेकांपासून लपवून ठेवला.